तार तुटली तर? – घरी बांधलेल्या विमानांच्या ठिणगीची व्यवस्था

विमानाच्या छोट्या पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारी जी यंत्रणा असते, तिच्यापासून वैमानिकासमोरच्या स्विचपर्यंत एक तार येते. उडत्या विमानात ही तार तुटली तर काय होईल? जुन्या पद्धतीच्या इंजिनाबाबत या प्रश्नाचे उत्तर ऐकून नवखा माणूस चक्रावतो. काहीही होणार नाही. इंजिन आधी चालत होते तसेच चालत राहील आणि वैमानिकाला पत्ताही लागणार नाही. धोका आहे तो पुढे, विमान उतरवून, स्विच बंद करून, किल्ली खिशात टाकल्यावर. त्या वेळी कोणी पंखा सहज हाताने फिरवला, तर इंजिन अचानक सुरू होऊन तोच पंखा त्याच्या अंगावर येऊ शकतो.

आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या इंजिनाबाबत विचारा. वीज आणणारी तार तुटली की ठिणगी बंद, ठिणगी बंद की इंजिन बंद. जमिनीवर यात कोणाचे काही बिघडत नाही. टेक-ऑफनंतर तीनशे फुटांवर, पुढे घरे आणि विजेच्या तारा असताना, फार बिघडते. धोका होता तेवढाच असेल, कदाचित कमीही. पण तो जमिनीवरून उठून आकाशात गेला. गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या हौशी विमानबांधणी करणाऱ्यांनी जुनी व्यवस्था सोडून नवी धरली, तेव्हा एक डबा काढून दुसरा डबा लावला एवढेच अनेकांना वाटले. त्या डब्याकडे जाणाऱ्या तारेकडे वेगळ्या नजरेने बघावे लागते, हे कळायला काहींना वेळ लागला. ती नजर कोणती, हे या लेखात बघू.

गॅरेजमधली विमाने

घरी विमान बांधणे हे आपल्याला वेडेपणाचे वाटेल, पण अमेरिकेत तो कायद्याने मान्य केलेला छंद आहे. १९५३च्या जानेवारीत पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था सुरू केली. तिचा वार्षिक मेळा १९७०पासून विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश या गावी जुलैच्या अखेरीस भरतो. त्या आठवड्यात दहा हजारांहून अधिक विमाने त्या परिसरात उतरतात. हौशी वैमानिकांची ती पंढरीच म्हणायची.

या विमानांसाठीचा मूळ नियम असा की, बांधकामाचा मोठा भाग एखाद्या हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेला असला पाहिजे. बोलण्यात याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. असे विमान तयार झाले की त्यावर ‘एक्स्परिमेंटल’ ही अक्षरे ठळक रंगवावी लागतात. आत प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते की, हे विमान प्रमाणित विमानांसाठीचे सुरक्षेचे नियम पाळत नाही. पाहुण्याला खुर्चीवर बसवण्याआधी ‘ही खुर्ची मीच केली आहे’ असे सांगण्यासारखाच हा प्रकार. पहिले २५ किंवा ४० तास ठरावीक टापूतच उडवायचे. आणि बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते.

या छंदाला खरी बरकत आली ती ‘किट’मुळे. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७३मध्ये सुरू केलेल्या ऑरेगनमधल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या एकाच कंपनीच्या आरव्ही मालिकेतली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर लोकांनी बांधून उडवली आहेत. पत्रा, रिव्हेट, नकाशे सगळे घरपोच येते. सांगाडा कसा जोडायचा याच्या सूचना पानोपानी असतात. वायरिंगबाबत मात्र बऱ्याच गोष्टी बांधणाऱ्यावर सोडलेल्या असतात, कारण कोणती उपकरणे लावायची हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

आपल्याकडे हे उदाहरण अगदीच नाही असे नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ साली मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले आणि २०१७मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली. पण छंद म्हणून, मोहल्ल्या-मोहल्ल्यात, ही गोष्ट रुजलेली आहे ती अमेरिकेतच. म्हणून पुढची चर्चाही तिथलीच.

या छंदाची किंमतही मोजावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२मध्ये घरी बांधलेल्या विमानांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी आणि हौशी विमानांच्या ताफ्यात यांचा वाटा सुमारे १० टक्के. पण २०११मधल्या एकूण अपघातांत सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत सुमारे २१ टक्के. अपघातांच्या प्रकारांत दोन ठळक निघाले : हवेत विमानावरचा ताबा सुटणे, आणि इंजिन किंवा त्याच्याशी निगडित यंत्रणा बंद पडणे. इंजिन बंद पडण्याची कारणे अनेक असतात, इंधनाची व्यवस्था हे त्यातले मोठे. ठिणगी हे त्यातले एक. पण हे कारण असे आहे की ते टाळणे जवळजवळ पूर्णपणे बांधणाऱ्याच्या हातात असते.

मॅग्नेटोचे गुण आणि दोष

ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे, किक मारून थकल्यावर ती तिरकी केली आहे, प्लग काढून घासला आहे आणि शेवटी मेकॅनिककडून ‘पॉइंट गेलेत’ हा निकाल ऐकला आहे, त्यांना मॅग्नेटो समजावून सांगायला वेळ लागत नाही. इंजिनाबरोबर एक लोहचुंबक फिरते. त्याच्या शेजारी जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांच्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. चुंबक फिरले की जाड वेढ्यांत प्रवाह वाहू लागतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तटकन तुटतो आणि बारीक वेढ्यांत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. तो आळीपाळीने एकेका सिलिंडरच्या प्लगकडे पाठवला जातो.

यात बॅटरी कुठेच नाही. इंजिन फिरते आहे तोवर ठिणगी आहे. मग इंजिन बंद कसे करायचे? जाड वेढ्यांचे टोक एका तारेने स्विचपर्यंत आणलेले असते. ‘बंद’ म्हणजे त्या तारेला विमानाच्या धातूशी जोडायचे, की वेढ्यांतला प्रवाह परस्पर जिरतो आणि ठिणगी पडत नाही. इथे स्विच जोडला की यंत्र बंद आणि तोडला की चालू, आपल्या घरातल्या दिव्याच्या नेमके उलटे. या तारेला पी-लीड म्हणतात. ती तुटली की मॅग्नेटो कायमचा ‘चालू’. लेखाच्या सुरुवातीचे कोडे इथे सुटते. शिवाय विमानाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. एक मेला तरी दुसरा घरी पोचवतो.

राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३च्या विमानातही मॅग्नेटोच होता. त्यांच्या सायकलच्या दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने बांधलेले ते इंजिन सुरू करण्यापुरती बॅटरी लागे, ती जमिनीवरच राही. तेव्हा प्रश्न वजनाचा होता. पण बॅटरीवर विसंबायचे नाही ही सवय वैमानिकांच्या हाडीमाशी मुरली, ती पुढची शंभर वर्षे.

मग हे सोडायचे कशाला? कारण मॅग्नेटोला विचार करता येत नाही. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगी पडताच एकदम जळत नाही, ज्वाला पसरायला वेळ लागतो. म्हणून दट्ट्या वर पोचण्याच्या आधीच ठिणगी पाडतात. लायकमिंग कंपनीच्या प्रचलित चार सिलिंडरी इंजिनांत बहुधा २५ अंश आधी. हा आकडा टेक-ऑफच्या पूर्ण जोराला धरून ठरवलेला, आणि मॅग्नेटो तो कधीच बदलत नाही. आठ-दहा हजार फुटांवर हवा विरळ, मिश्रण पातळ, ज्वाला मंद. तिथे ठिणगी आणखी आधी पडायला हवी. शिवाय सुरू करताना चुंबक हळू फिरते, ठिणगी मरतुकडी पडते. पॉइंट झिजतात. दर ५०० तासांनी मॅग्नेटो खोलून तपासायचा, तो खर्च वेगळा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये इंजिनाच्या दांड्याजवळ एक सेन्सर दांडा कुठवर फिरला ते सांगतो, एक बारीक नळी इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब सांगते, आणि डब्यातले सर्किट या दोन्हींवरून ठिणगीचा क्षण ठरवून कॉइलला हुकूम देते. उंचावर ती ठिणगी ३५ अंश किंवा त्याहून आधीही पाडू शकते. थंडीत इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होते, उंचावर पेट्रोल कमी लागते, आणि विमानाच्या महागड्या प्लगऐवजी मोटारीचे स्वस्त प्लग चालतात. प्रमाणित विमानात असा बदल करायचा तर कागदपत्रांचा डोंगर ओलांडावा लागतो. ‘एक्स्परिमेंटल’मध्ये मालक तोच कायदा. त्यामुळे हे तंत्र आधी इथे रुळले. बरेच जण एक मॅग्नेटो ठेवून दुसऱ्या जागी इलेक्ट्रॉनिक बसवतात. दोन डगरींवर पाय ठेवू नये असे आपल्याकडे म्हणतात, पण इथे तोच शहाणपणा ठरतो : दोघांची मरणाची कारणे वेगवेगळी, म्हणून दोघे एकदम मरण्याची शक्यता कमी.

सेकंदाला ८० धक्के

तार स्वतःहून तुटत नाही. तिला तोडतो तो कंप. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांनी चालते तेव्हा सेकंदाला ४० फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत दोन स्फोट. सेकंदाला ८० धक्के, तासाला २ लाख ८८ हजार. चाचणीच्या पहिल्या ४० तासांतच हा हिशेब १ कोटी १५ लाखांवर जातो. तांब्याची तार हाताने मागे-पुढे वाकवत राहिलो तर वीस-तीस वेळांत तुटते, हे लहानपणी आपण सगळ्यांनी करून पाहिलेले असते. धक्का सूक्ष्म असला तरी तो नेहमी एकाच जागी बसत असेल तर तेच घडते, फक्त उशिरा.

म्हणून वायरिंगच्या कलेतला पहिला धडा तार कुठे वाकते ते ठरवण्याचा आहे. इंजिन विमानाला पोलादी नळ्यांच्या चौकटीने जोडलेले असते आणि मध्ये रबराचे ठोकळे असतात. उडताना इंजिन थरथरते तेवढेच. पण सुरू होताना आणि विशेषतः बंद होताना ते रबरावर जोरात हेलकावते. तार इंजिनाला एका ठिकाणी घट्ट बांधली आणि चौकटीला दुसऱ्या ठिकाणी, आणि मध्ये ताण ठेवला, तर प्रत्येक वेळी इंजिन बंद करताना ती ओढली जाणार. मध्ये सैल वेटोळे हवे, आणि ते कशालाही घासता कामा नये. नंतर एकदा टोक कापून नवे लावायची वेळ आली तर तेवढी तार हाताशी राहते, हा वरचा फायदा.

बांधायचे कशाने? इथे नवशिका हटकून चुकतो. हाताशी असतो प्लास्टिकचा केबल टाय, ओढला की कटकट करत आवळला जाणारा. घरात टीव्हीमागच्या वायरींसाठी उत्तम. इंजिनापाशी दोन कारणांनी वाईट. साध्या नायलॉनला तिथली उष्णता सोसत नाही. तो कडक होतो आणि एके दिवशी तुटून पडतो, मग तार मोकळी. दुसरे कारण अधिक नवलाचे. टाय चौकटीच्या नळीवर थेट आवळला असेल आणि थोडा सैल असेल, तर त्याच्या कडेत धूळ आणि वाळूचे कण अडकतात, आणि कंपाने तो कानशीसारखा नळी घासू लागतो. नायलॉन पोलादाला कापतो हे सांगून कोणाला पटत नाही. पण जुन्या विमानांच्या चौकटीवर टायखाली पडलेल्या खाचा दाखवल्या की पटते. त्या नळ्यांची भिंत जेमतेम मिलीमीटरभर जाड असते आणि सगळे इंजिन त्यांच्यावर टांगलेले असते. एक तार नीट राहावी म्हणून लावलेल्या दोन पैशांच्या पट्टीने इंजिनाची चौकटच कापायची, याला काय म्हणावे?

त्यासाठी असतो रबराचे अस्तर लावलेला धातूचा क्लॅम्प, ज्याला तिकडे एडेल क्लॅम्प म्हणतात. एक नळीला, एक तारेच्या जुडग्याला, दोन्ही एकाच स्क्रूने पाठीला पाठ लावून. माप अचूक हवे : तार ओढली तर सरकू नये, आणि आवरण दाबले जाऊ नये. तो बसवणे म्हणजे मात्र छळ आहे. अडचणीच्या जागी दोन क्लॅम्पची चार भोके जुळवत स्क्रू घालताना भल्याभल्या शांत माणसांच्या तोंडून शिव्या निघतात. टायचा मोह होतो तो इथेच.

जुडग्यातल्या तारा एकमेकींशी बांधायला मेण लावलेली चपटी दोरी वापरतात. दर थोड्या अंतरावर दुहेरी वेढा आणि वर घट्ट गाठ, गजरा बांधणाऱ्या बाईच्या हाताला हे लगेच जमेल. दोरीला टायसारखे जड डोके नसते आणि कापलेले धारदार टोकही नसते. टायच्या त्या टोकांनी हातावर ओरखडे काढून घेतले नाहीत असा मेकॅनिक विरळा.

अमेरिकेच्या विमान प्रशासनाची ‘४३.१३-१बी’ ही १९९८ची मार्गदर्शिका या बाबतीत सर्वांची पोथी आहे. तिच्या अकराव्या प्रकरणात वायरिंगची मापे दिली आहेत. दोन आधारांमधले अंतर २४ इंचांपेक्षा जास्त नको. दोन आधारांमध्ये तार बोटाने हलकी दाबली तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त झुकू नये. वळण तारेच्या जाडीच्या किमान दहापट त्रिज्येचे हवे. पेट्रोलच्या नळीजवळून जायचेच असेल तर तार नळीच्या वरून न्यावी, खालून नाही. गळती झाली तर थेंब खाली पडतो. आणि जोडाकडे जाणारी तार आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून झोलाच्या तळाशी गळते. आपल्याकडेही बाहेरून मीटरकडे येणाऱ्या वायरला भिंतीत शिरण्याआधी असाच झोल देतात. पावसाळ्याने शिकवलेली गोष्ट आहे ती.

टोक

आणि तरी तार मध्यावर क्वचितच तुटते. ती तुटते टोकाशी, जिथे ती लगमध्ये किंवा कनेक्टरमध्ये शिरते.

विमानाची तार एकसंध नसते. २० गेजच्या प्रचलित तारेत १९ बारीक धागे असतात, म्हणून ती लवचीक. आता तिच्या टोकाला रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सवयीने छान डाख दिला, तर वितळलेले शिसे-कथील केशाकर्षणाने धाग्यांमध्ये वर चढते. जिथवर चढले तिथवर तार सळईसारखी ताठ, त्यापुढे लवचीक. कंपाला याहून सोयीची जागा मिळणार नाही. सगळे वाकणे त्या एका रेषेवर होते आणि एकेक धागा तुटत जातो. आवरणाच्या आत, दिसतही नाही. एकोणिसातले पंधरा तुटले तरी दिवा लागतो, इंजिन चालते. डाख वाईटच असे नाही. डाख दिलेल्या जागेच्या मागे तारेला पक्का आधार दिला तर तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि या एका मुद्द्यावर हौशी मंडळींत वाद पेटले की रात्र सरते. पण आधार देण्याचे विसरण्याची शक्यता पाहता दाबून केलेला जोड बरा, असे माझे मत आहे.

दाबायचे ते पकडीने किंवा स्वस्त पंच करून नव्हे. त्यासाठी खटका असलेले हत्यार येते. पुरेसे दाबल्याशिवाय ते उघडतच नाही. चांगल्या लगमध्ये दोन ठिकाणी दाब बसतो, एक उघड्या तांब्यावर आणि दुसरा आवरणावर. पहिला वीज नेतो, दुसरा कंप अडवतो. नीट दाबलेल्या जोडात धागे आणि धातू इतके एकजीव होतात की मध्ये हवा शिरून गंज चढत नाही. प्रत्येक जाडीसाठी जोडाने किती ओढ सहन केली पाहिजे याचे कोष्टक असते. २० गेजसाठी १९ पौंड, म्हणजे सुमारे साडेआठ किलो. नव्या हत्याराने पहिले दोन-चार जोड भंगारातल्या तुकड्यांवर करावेत आणि पाण्याची बादली टांगून पाहावी. सोपी परीक्षा आहे, पण करणारे थोडे.

आवरणाचे म्हणावे तर बाजारातली साधी पीव्हीसी तार इथे चालत नाही. उष्णतेने ती लवकर मऊ पडते आणि जळली तर विषारी धूर सोडते. टेफझेल नावाने ओळखले जाणारे आवरण १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. काही इग्निशनमध्ये डब्यापासून कॉइलपर्यंत टीव्हीच्या केबलसारखी समाक्ष केबल जाते. तिथे स्वस्त आरजी-५८ वापरली तर गरम पाइपजवळ तिच्या पोटातले पॉलिथिलीन मऊ पडून मधली तार बाहेरच्या जाळीकडे सरकू शकते. आरजी-४०० महाग, पण उष्णतेला पुरून उरते. आणि सर्वांत गरम वेळ उडतानाची नसते. इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो, तापलेल्या धातूची धग वर झाकणात कोंडते आणि तापमान आणखी चढते. म्हणून उतरल्यावर तेल तपासायचे झाकण उघडे ठेवण्याची अनेकांना सवय असते.

प्लगकडे जाणाऱ्या जाड तारांची तऱ्हा निराळी. त्यांच्यात हजारो व्होल्ट खेळतात. त्या सेन्सरच्या नाजूक तारेबरोबर एकाच जुडग्यात बांधल्या, तर सेन्सरला नसलेले इशारे ऐकू येऊ लागतात आणि ठिणगी भलत्या वेळी पडू शकते. सेन्सरच्या तारेला जाळीचे कवच देतात आणि ते एकाच टोकाला अर्थ करतात. उंचावर विरळ हवेतून वीज अधिक सहज उडी मारते, म्हणून जमिनीवर निर्दोष वाटणारी चिरलेली तार दहा हजार फुटांवर गचके देऊ लागते.

वीज येते कुठून

सगळे नीट बांधले आणि तरी इंजिन बंद पडू शकते, जर नकाशातच चूक असेल. कॉकपिटमध्ये धूर दिसला तर वैमानिकाने पहिली गोष्ट करायची ती मास्टर स्विच बंद. इग्निशनची वीज त्या मास्टरमागून घेतली असेल तर धुराबरोबर इंजिनही गेले. म्हणून इग्निशनची तार थेट बॅटरीकडून, स्वतःच्या फ्यूजमधून आणि स्वतःच्या स्विचमधून आणावी, हा नियम. अमेरिकेतल्या विचिटाचे बॉब नकल्स यांनी ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या पुस्तकातून हौशी मंडळींना याच पद्धतीने विचार करायला लावले : प्रत्येक भागाकडे बोट दाखवून विचारायचे, हा आत्ता मेला तर मी घरी कसा पोचणार?

दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक असतील तर हा प्रश्न बारकाईने विचारावा लागतो. डबे दोन, स्विच दोन, फ्यूज दोन. आणि दोघांच्या अर्थच्या तारा एकाच बोल्टखाली दाबलेल्या. तो बोल्ट ढिला झाला की दोन्ही एकदम गेले. दोघांच्या तारा एकाच कनेक्टरमधून फायरवॉलच्या पलीकडे जात असतील तरी तेच. इंजिन आणि विमानाचा सांगाडा यांना जोडणारी तांब्याची जाड वेणी हाही असाच दुर्लक्षित भाग. ती तुटली किंवा लावायची राहिली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीसाठी मिळेल ती वाट धरतो, मग ती सेन्सरच्या तारेची जाळी असो की थ्रॉटलची केबल.

अल्टरनेटर बंद पडला तर शेवटी आधार बॅटरीचाच. सोळा अँपिअर-तासांची नवी बॅटरी, दोन्ही इग्निशन मिळून समजा तीन अँपिअर; कागदावर पाच तास. पण चार वर्षे जुन्या बॅटरीत निम्मी ताकद उरलेली असू शकते, आणि ती इंजिन मात्र तरीही झोकात सुरू करते. स्टार्टर फिरतो म्हणजे बॅटरी चांगली, हा समज म्हणूनच फसवा. दरवर्षी ठरावीक भार लावून ती किती वेळ टिकते ते घड्याळ लावून मोजावे. काही इग्निशनमध्ये, उदाहरणार्थ ‘पी-मॅग’मध्ये, स्वतःचे छोटे जनित्र असते, ठरावीक फेऱ्यांच्या वर ते बाहेरच्या विजेशिवाय ठिणगी देत राहते. मॅग्नेटोचा जुना गुण असा मागच्या दाराने परत आला.

झाकण काढल्यावर

दर बारा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत इंजिनावरचे झाकण निघते. तेव्हा आधी पुसायचे नाही, बघायचे. घासणाऱ्या जागा स्वतःच ओळख देतात : क्लॅम्पच्या कडेला काळी पूड, ॲल्युमिनियमजवळ करडा डाग, नळीवर चकाकणारी रेघ. पुसून टाकले तर पुरावा गेला. मग बॅटरी बघून हात फिरवायचा. प्रत्येक जोडाला बोटांनी हलकी ओढ द्यायची. जोरात नाही, चांगला जोड बिघडवण्यात अर्थ नाही. लगच्या मागचा तारेचा पहिला इंचभर भाग वाकवून पाहायचा. एरवी किंचित ताठ लागणारी तार तिथे चिंधीसारखी मऊ लागली तर आत धागे तुटले आहेत, कापा आणि नवे टोक लावा. रबराचे अस्तर तेलाने फुगले असेल तर क्लॅम्प बदला. प्लगच्या तारा मल्टिमीटरने मोजून आकडे वहीत लिहा. एका वर्षाचा आकडा काही सांगत नाही, तीन वर्षांचे सांगतात.

वहीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे कारण त्याच २०१२च्या अभ्यासात आहे. २०११मध्ये अपघात झालेल्या या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने बांधणाऱ्याकडे नव्हती, ती दुसऱ्याने विकत घेतलेली होती. बांधणाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण नकाशा असतो. कोणती पांढरी तार कुठे जाते हे त्याला झोपेतही आठवते. विमानाची तार बहुधा पांढरीच येते, सगळ्याच पांढऱ्या. तो म्हातारा होतो, विमान विकतो, आणि नव्या मालकाच्या हाती येतो एकसारख्या ऐंशी तारांचा जुडगा आणि एक हाताने काढलेले, तीन बदल मागे राहिलेले चित्र. कुठला फ्यूज काढला तर इंजिन बंद पडेल हे त्याला माहीत नसते. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नळीची छापील पट्टी लावायला एक संध्याकाळ पुरते.

शेवटची परीक्षा जमिनीवर, चाके अडवून, इंजिन चालू ठेवून. मॅग्नेटोच्या विमानात एकेक बाजू बंद करून फेऱ्या किती पडतात ते पाहतात, आणि थांबवण्याआधी मंद गतीवर क्षणभर दोन्ही बंद करून इंजिन खरोखर मरते का ते पाहतात. पी-लीड शाबूत असल्याची ती खूण. इलेक्ट्रॉनिकसाठी आणखी एक पायरी हवी. अल्टरनेटर बंद करा, मग मास्टर बंद करा, आणि इंजिन चालूच राहते का ते ऐका. स्वतःचे जनित्र असलेल्या इग्निशनची बाहेरची वीज तोडून फेऱ्या हळूहळू कमी करत न्या आणि ती कितीवर दम तोडते तो आकडा टिपून ठेवा. पुढच्या वर्षी तो आकडा वाढला असेल तर झाकण पुन्हा काढायचे.